माहेराची गाणी आणि मैनेचं गाणं

 

दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून हे पुस्तक निघत आहे. दिंडी कोणी काढली, वीणा कोणाच्या गळ्यातून कोणाच्या गळ्यात आला, पहिली राहुटी कधी शिवून घेतली, कोणत्या मुक्कामाला कोणाची पंगत, हे बाकीच्या मंडळींनी लिहिलेलं आहे. मला समितीनं सांगितलं, तुम्ही कीर्तन करता, तुम्ही गाण्यांवर लिहा. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं बैलामागं आणि विण्यामागं शिकलो. तेव्हा लिहिण्यात चूकभूल असेल ती वाचणाऱ्यानं पदरात घ्यावी.

गाणी म्हटल्यावर मी अभंगांवरच लिहीन असं पुष्कळांना वाटेल. अभंगाचा अर्थ सांगणारे माझ्यापेक्षा थोर लोक आहेत. मी लिहिणार आहे ती आपल्या मुलखावरच्या मायेची गाणी. नदी, वाट, रान, गाव यांचं रूप ज्यात गाइलंय ती. आणि त्यातल्या एका गाण्यावरून आपल्या दिंडीत एकदा जे घडलं, तेही लिहिणार आहे. एकदोघांचं म्हणणं पडलं की शंभरीच्या पुस्तकात ते कशाला. मी म्हटलं, इतिहास लिहायचा तर सगळा लिहू, नाहीतर नुसती देणगीदारांची यादी छापू.

साल १९७७. मी अठरा वर्षांचा, टाळ घेऊन मागच्या ओळीत. मुक्काम जुनोनीला होता. मिरज सोडून, कवठेमहांकाळ मागं टाकून आपण सांगोल्याच्या माळाला लागतो, तिथला मुक्काम. हरिपाठ झाला, कीर्तन झालं, पंगत उठली. पावसानं ओढ दिलेली, आभाळ मोकळं, वारं सुटलेलं. दिंडीत आपल्याच गावचा एक गडी होता, मुंबईला गिरणीत कामाला. दरसाल आषाढीला रजा टाकून यायचा, मिरजेला दिंडी गाठायचा. आवाज असा की माळाच्या त्या टोकाला ऐकू जावा. आम्ही पोरांनी त्याला गळ घातली, मुंबईचं काहीतरी म्हणा. त्यानं कानावर हात ठेवला आणि अण्णा भाऊ साठ्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड धरली.

अर्धी झाली नसेल, तोवर मोठ्या तंबूतून दोघं म्हातारे उठून आले. दिंडीत बायकोच्या रूपाची गाणी म्हणतोस, तमाशाचा फड आहे का हा, असं बरंच काही बोलले. तो गडी उठला, धोतराचा सोगा झटकला आणि काही न बोलता बाजूला जाऊन घोंगडीवर पडला. आम्ही आठ-दहा पोरं तिथं होतो. ‘आम्हीच म्हणायला लावलं’ एवढं सुद्धा आमच्यातला एक जण बोलला नाही. मी पण बोललो नाही. पंढरपूरपर्यंत तो चालला, दर्शन केलं, आणि त्यानंतर कधी दिंडीत आला नाही.

दुसऱ्या दिवशी वाटेत माझी आजी, डोक्यावर तुळस, माझ्या शेजारनं चालत होती. ती म्हणाली, “आरं, त्यो तर आमचीच ववी म्हणत हुता. बाप्याच्या तोंडानं म्हणला, एवढंच.” मला तेव्हा कळलं नाही. कळायला तीसेक वर्षं गेली. आजी काय म्हणाली तेच या लेखात उलगडून सांगायचं आहे.

आजीचं लग्न नवव्या वर्षी झालं. माहेर वेदगंगेकाठी, सासर म्हणजे आपलं गाव. अंतर पाच कोसाचं, पण वर्षातून एकदा पंचमीला, फार तर दिवाळीला जायला मिळायचं, तेही भाऊ न्यायला आला तर. पहाटे तीनला उठून जात्यावर बसायचं आणि दळता दळता ओव्या म्हणायच्या. त्या ओव्यांत माहेरची नदी, माहेरची वाट, बांधावरचा आंबा, भावाची बैलजोडी, वहिनीचं वाकडं तोंड, सगळं यायचं. मी लहानपणी जात्याजवळ निजायचो, मला वाटायचं आजीचं माहेर म्हणजे कुठलं तरी सोन्याचं गाव असणार. मोठा झाल्यावर जाऊन पाहिलं. चार घरं, एक पार, उन्हाळ्यात आटणारी विहीर. रूप गावाला नव्हतं असं नाही, पण ते दिसायला नवव्या वर्षी गाव सोडून यावं लागलं होतं.

आता पंढरीच्या ओव्या पाहा. आपल्या बायकांनी पंढरीला माहेर केलं. विठ्ठल कधी बाप, कधी भाऊ, मूळ धाडणारा. रुक्मिणी कधी आई, कधी रुसून दिंडीरवनात जाऊन बसलेली बाई, जनीवरनं नवऱ्याला बोलणारी. चंद्रभागेचं पाणी, वाळवंटातली गर्दी, बुक्क्याची दुकानं, तुळशीच्या माळा, वाटेवरची गावं, हे इतक्या बारकाईनं ओव्यांत आहे की न गेलेल्या माणसालाही वाट सापडावी. आणि ओव्या म्हणणाऱ्यांतल्या कितीतरी जणी आयुष्यात एकदाच पंढरीला गेलेल्या, काही तर कधीच नाही. माझी आजी पहिली वारी चालली तेव्हा तिला नातू झालेला होता. तोवर पंढरी तिनं जात्यावरच पाहिलेली.

साने गुरुजींनी अशा ओव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ नावानं छापल्या. पुढं हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्यांचा आकडा एक लाखाच्या वर जातो. एक लाख! आणि ह्या गाणाऱ्या बहुतेक बिनशाळेच्या. आपल्या गावात पिठाची गिरणी आली आणि आजीचं जातं आधी सोप्यात, मग परड्यात गेलं. आज त्याची वरची तळी चुलत्याच्या दारात पायरी आहे. बायकांचे हात सुटले हे चांगलंच झालं, त्याबद्दल मला रडायचं नाही. पण जातं थांबलं तसा गळाही थांबला, ही गोष्ट खरी आहे. आता ओव्या ऐकू येतात त्या फक्त वारीत, चालताना.

संतांनी मुलुख गाइला तो कसा, ते थोडक्यात सांगतो, कारण हे कीर्तनात तुम्ही ऐकलेलंच आहे. ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली आणि तिच्यात मराठी भाषेच्या गोडीचं कौतुक केलं. ज्या काळात देवाची गोष्ट संस्कृतात सांगायची रीत होती, त्या काळात त्यांनी आपल्या बोलीला ते मोठेपण दिलं. नामदेवराय पंजाबात घुमानपर्यंत गेले. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहेबात आहेत, तिथले लोक आजही त्यांना मानतात. इतक्या लांब जाऊन माणूस तिकडचाच होऊन जाता. पण नामदेवांनी मागितली ती पंढरीची पायरी. तुकोबांचं देहू, इंद्रायणी, भंडारा, भामचंद्र हे डोंगर कोणाला माहीत नाहीत? रानातल्या झाडावेलींना त्यांनी नातलग मानलं ते एकांतात बसून, गावानं छळल्यावर.

आणि चोखोबा. मंगळवेढ्याचे. ज्वारीचं कोठार म्हणतात तो मुलुख, काळी भुई, पंढरीपासून एका दिवसाच्या वाटेवर. चोखोबांना देवळात जायची बंदी. ते महाद्वाराशी उभे राहिले, आणि बाहेर उभं राहून पंढरीचं रूप गाइलं. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर पडून गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी झाली. ज्या गावानं दार उघडलं नाही त्या गावावर इतकी माया कशी राहिली असेल, याचा मी पुष्कळ विचार करतो. देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केलं ते १९४७ च्या मे महिन्यात. चोखोबांनंतर सहाशे वर्षांनी.

आता त्या म्हाताऱ्यांच्या बोलण्याकडं येतो. दिंडीत प्रेमाची गाणी नकोत म्हणाले. बरं, मग गौळणी काय आहेत? त्याच संध्याकाळी त्याच दोघांनी गौळण म्हटली होती, मी टाळ धरलेला. ज्ञानोबारायांच्या विराण्या काय आहेत? त्यात विरहात पोळणारी बाई आहे, तिला चांदणं सोसत नाही, गार चंदन सोसत नाही, आणि आपण त्या डोळे मिटून म्हणतो. नाथांच्या भारुडात तर सासू, सासरा, नणंद, नवरा सगळ्यांची कुरकुर आहे. जोडीदाराचा विरह आपल्या संप्रदायाला नवा नाही. कोणी देवाला घनी केलं, कोणी मुलखाला मैना केलं.

अण्णा भाऊंचं थोडं सांगतो, कारण नव्या पोरांना पुतळा माहीत असतो, माणूस नाही. जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाळवा तालुक्यातलं वाटेगाव. आपल्याकडून कऱ्हाडला जाताना त्या बाजूला फाटा लागतो. मातंग समाजात जन्म, घर गावाच्या कडेला. शाळा दीड दिवसाची असं सांगतात. (माझी चार वर्षांची, म्हणजे मी त्यांच्यापुढं पंडितच.) लहानपणी बापाबरोबर वाटेगावाहून मुंबईला पायी गेले. मुंबईत गिरणीत आणि मिळेल त्या कामावर राबले. १९४४ मध्ये बार्शीचे अमर शेख आणि गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. ‘फकिरा’ कादंबरी लिहिली, तिला १९६१ साली सरकारचं बक्षीस मिळालं. आणि १९६९ साली, पन्नाशीच्या आत, गरिबीत गेले.

मैनेच्या छक्कडीत काय आहे? पोटासाठी मुंबईला आलेला एक गडी आहे. त्याची बायको गावी राहिली. तो तिचं रूप सांगतो, नाकडोळे सांगतो, निघताना तिची काय दशा झाली ते सांगतो. अंगावर सोनं नाही, पण त्याच्या डोळ्यांना ती सोन्याची दिसते. मग तो मुंबई दाखवतो. आणि शेवटाकडं गाणं असं वळतं की ऐकणारा चपापतो. माझी जशी मैना मागं राहिली तसा महाराष्ट्र तुटला, बेळगाव, कारवार, निपाणी मागं राहिली. सगळं गाणं बायकोचं वाटता वाटता मुलखाचं होतं. ज्याला घर म्हणून गावाची कडा मिळाली, शाळा म्हणून दीड दिवस मिळाला, त्यानं मुलखाचं हे गाणं केलं. चोखोबांना पंढरी दिसली ती बाहेरून. अण्णा भाऊंना मैना दिसली ती मुंबईच्या गर्दीतून. माझ्या आजीला माहेर दिसलं ते सासरच्या जात्यावरून. आजी म्हणाली ते हे.

हे गाणं आपल्या दिंडीशी किती जवळचं आहे ते जुन्यांना सांगायला नको, नव्यांसाठी लिहितो. दिंडी निघाली तेव्हा कोल्हापूरचं संस्थान होतं आणि पलीकडचा बेळगाव जिल्हा इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. दिंडीला तेव्हाही दोन राज्यं ओलांडावी लागत, पण माणसं एकच. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी वाटणी झाली. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्यातला चंदगड तेवढा इकडं राहिला. आपल्या दिंडीतले निम्मे वारकरी एका रात्रीत पलीकडचे झाले. आजीचं माहेर पलीकडं गेलं. पुढं मोर्चे, सत्याग्रह, गोळीबार झाले, १०६ हुतात्मे झाले, १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. निपाणी, बेळगाव राहिलीच. महाजन आयोगानं १९६७ मध्ये अहवाल दिला, तो आपल्याकडं कोणी मानला नाही. २००४ पासून खटला सुप्रीम कोर्टात आहे. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या पलीकडच्या बायका अजून आपल्या दिंडीत तुळस घेऊन चालतात, वाटेत ओव्या मराठीत म्हणतात, आणि नातवाचा दाखला कानडीत आला की माझ्याकडं न आणता मास्तरकडं नेतात, कारण मला तो वाचता येत नाही.

एक गोष्ट मात्र मी कीर्तनात नेहमी सांगतो. ज्ञानोबारायांनी विठ्ठलाला कानडा म्हटलं आहे. कानडी मुलखातल्या पुरंदरदासांनी याच विठ्ठलाला आळवलं. आळंदीच्या माउलींच्या सोहळ्यातले अश्व येतात ते शितोळे सरकारांच्या अंकलीहून. मिरजेजवळची अंकली नव्हे, चिकोडी तालुक्यातली, आज कर्नाटकात असलेली. हैबतबाबा आरफळकरांनी सोहळा उभा केला तेव्हापासूनचा मान तो. दर वर्षी ते अश्व चालत आळंदीला येतात, आणि रिंगणात ज्याच्या टापेखालची माती आपण कपाळाला लावतो तो माउलींचा अश्व सीमेपलीकडून आलेला असतो. त्याला कोणी विचारत नाही तू कुठल्या राज्याचा. सीमेचं दुःख खरं आहे, पण मैनेच्या गाण्यात मला विरह ऐकू येतो, वैर नाही. कोणी ते गाणं कानडी माणसाला चिडवायला म्हणत असेल तर त्यानं आपल्या दिंडीत म्हणू नये.

मुलखाची आणखी गाणी आहेत. राम गणेश गडकरी यांचं महाराष्ट्रगीत आहे, त्यात दगडधोंड्यांचं सुद्धा कौतुक आहे, म्हणून मला ते आवडतं. त्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, त्यांचंही एक आहे, ते आम्हाला शाळेत होतं. राजा बढ्यांनी लिहिलेलं आणि शाहीर साबळ्यांनी गाइलेलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत आहे. त्यात नद्यांची नावं आहेत, आपल्या भीमथडीची तट्टं आहेत. साबळे पसरणीचे, वाईजवळचे. ती गाणी ताठ उभं राहून म्हणायची. मला स्वतःला चालत म्हणायची गाणी जास्त कळतात.

आणि एक नाव सोडून चालणार नाही, बहिणाबाई चौधरी. जळगावकडच्या आसोद्याच्या, १८८० चा जन्म. अक्षर ओळख नाही. शेतात राबताना, जात्यावर बसून आपल्या बोलीत गाणी केली. त्यांच्या माघारी मुलानं, सोपानदेवांनी, ती अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली छापली. त्यात माहेरची वाट अशी आहे की दगडाची ठेच सुद्धा गोड लागते. खानदेश मी पाहिलेला नाही. पण ती वाट मला ओळखीची आहे.

राहिला तो गिरणीतला गडी. १९८२ च्या संपात त्याची गिरणी गेली, तो गावी आला आणि शेरडं राखू लागला. एकाच गावात राहून मी पंचवीस वर्षं त्याच्याशी त्या रात्रीचा विषय काढला नाही. गाणं बायकोचं होतं म्हणून त्याला उठवलं, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं होतं. त्याचं घर गावाच्या कोणत्या बाजूला होतं ते जुन्या लोकांना माहीत आहे. मोठ्या तंबूतून आलेल्या त्या दोघांत एक माझा सख्खा आजा होता, हेही आता लिहून टाकतो.

शेवटी एका पावसाळ्यात मी त्याच्या घरी गेलो. कट्ट्यावर बसलो. म्हटलं, त्या रात्री चुकलं आमचं. तो म्हणाला, “महाराज, लालबागला आमच्या चाळीत एकादशीला भजन आसायचं आन् सभेच्या दिवशी पवाडा. मानसं तीच, पेटी तीच. मला वाटलं दिंडीत पन तसंच आसंल.” मी म्हटलं, यंदा चला. तो म्हणाला, आता गुडघे चालत नाहीत. चहा प्यायलो. त्यानं गाणं काही म्हटलं नाही आणि मला म्हण म्हणायचं तोंड नव्हतं. दोन वर्षांनी तो गेला.

त्याची नात गेल्या तीन वर्षांपासून दिंडीत तुळस घेऊन चालते. गेल्या वारीत जुनोनीच्या मुक्कामाला ती माझ्याकडं आली. आजोबा शेरडांमागं एक गाणं म्हणायचे, तुम्हाला येतं का, असं विचारलं. मोबाईल पुढं धरला. मी तिला सांगायला लागलो आणि माझं मलाच नवल वाटलं, अठराव्या वर्षी अर्धंच ऐकलेलं, पण जेवढं ऐकलं तेवढं शब्द न् शब्द निघालं. त्याला जिथं उठवलं तिथं मी थांबलो. पुढचं सीमेचं मी नंतर रेडिओवर, जत्रेत ऐकलं आहे, पण ते तुटक. मधलं एक कडवं आम्हा दोघांनाही लागत नाही. पुस्तकातनं काढता येईल असं समितीतले मास्तर म्हणतात. पण तिला ते आजोबांच्या चालीत पाहिजे आहे. १९७७ च्या वारीला जे होते, किंवा लालबागच्या चाळीत ज्यांनी त्याच्या तोंडून ते ऐकलं असेल, त्यांनी येत्या आषाढीला जुनोनीच्या मुक्कामी आम्हाला भेटावं. हरिपाठ झाल्यावर आम्ही विहिरीजवळच्या लिंबाखाली बसतो.